पाच किलोत बसणारी बोट

हौसा सिस्टर दोन वर्षं माझ्या दुकानात येत होत्या, पण त्यांना खुर्चीत बसलेलं मी एकदाही पाहिलं नाही. मी खुर्ची पुढं सरकवायचो. त्या तिच्या पाठीला आपली पिशवी अडकवायच्या आणि उभ्याच राहायच्या. चहा उभ्यानं, बोलणं उभ्यानं, भांडण तर उभ्यानंच. फार आग्रह केला की म्हणायच्या, "बसलं की उठायला येळ जातोय बघ. तेवढ्यात माझं एक घर फिरून होतंय." बोलताना एक पाय सारखा हलत असायचा आणि नजर घड्याळावर, गगनबावड्याची एसटी चुकेल म्हणून. मला आधीच कुणी डोक्यावर उभं राहिलं की सुचत नाही. मग मीही उठायचो, आणि आम्ही दोघं त्या एवढ्याशा दुकानात येरझाऱ्या घालत बोलायचो.

राजारामपुरीत माझं डोंगरात भटकणाऱ्यांच्या सामानाचं दुकान आहे. तंबू, पाठीवरच्या सॅक, दोर, हवेच्या बोटी. वडील ताडपत्री विकायचे, मी तंबू विकतो, एवढाच फरक. खरं सांगायचं तर मी स्वतः कधी तंबूत झोपलो नव्हतो आणि बोटीत बसलो नव्हतो. विकायला त्याची गरज पडत नाही असं मला वाटायचं. गिऱ्हाईक बहुतेक शनिवार-रविवारचं. तळ्यात बोट सोडायची, फोटो काढायचे आणि सोमवारी मला फोन करायचा की हवा जाते म्हणून.

अशात एका दुपारी ही साठीकडं झुकलेली बाई दारात उभी राहिली. चपलांना लाल माती, खांद्याला पिशवी, हातात छत्री.

"पावणं, हवा भरायची बोट हाय का?"

नातवासाठी असणार, असं मी धरून चाललो आणि बदकाच्या तोंडाची लहान मुलांची बोट काढून दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली.

"ह्यात डिलिव्हरीची बाई मावंल व्हय?"

मी म्हटलं, "काय?"

"पोटुशी बाई. नववा लागलेली. आडवी झोपवायची म्हटलं तर मावंल का?"

मी बदक परत खोक्यात घातलं.

सिस्टर मूळच्या कागलकडच्या. नोकरी मात्र सगळी गगनबावड्याच्या बाजूला, एका आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून. आमच्याकडच्या बायका बोलतात तशा त्याही स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायच्या. त्यांच्या हद्दीत एक धनगरवाडा होता, धरणाच्या पाण्यापलीकडं. खिंड चढून उतरलं की पाणी, आणि पाण्याच्या त्या काठाला बारा-पंधरा घरं. चुलीचा धूर दिसायचा, कुत्रं भुंकलेलं ऐकू यायचं. पण चालत जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालून जंगलातनं तीन तास. आदल्याच पावसाळ्यात तिथली एक अडलेली पोरगी डोलीतून आणताना वाटेत गेली होती. मधला ओढा चढलेला, डोली ओढ्याच्या पलीकडं आणि सिस्टर अलीकडं.

"मला ती डोली दिसत हुती रं," त्या म्हणाल्या. "मी हात केला. त्यांनी बी केला." तेवढं बोलेपर्यंत त्यांचा हलणारा पाय थांबला होता. मग तो परत सुरू झाला. "तवा मला बोट पायजे. काठावर ठिवून चालत न्हाय, उंदरं खात्यात, गवं तुडिवत्यात. मला एकटीला पाठीवर घिऊन खिंड चढता आली पायजे. जाताना एकटी, येताना दोघी. ध्येनात ठिव."

हे त्यांचं पालुपद. पुढं फोनवर नाव न सांगता त्या थेट एवढंच विचारायच्या, "जाताना एकटी, येताना दोघी, गावली का?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी पिशवीतून एक काटा काढला. वर आकडे, खाली कापडाची झोळी. घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचं वजन करतात तो. तंबू टांगायच्या हुकाला तो अडकवून म्हणाल्या, "घाल बोट." मी माझी सगळ्यात खपणारी, निळी-पिवळी, जाड रबराची बोट झोळीत ठेवली. काटा तळाला जाऊन थडकला.

"पाचाच्या पुढं आकडाच न्हाय ह्याला," सिस्टर म्हणाल्या. "पाचाच्या वर गेलं तर ते बाळ न्हवं, रेडकू."

माझी काय टाप होती हसायची! त्यांच्या दुसऱ्या खांद्याला औषधांची पिशवी असणार होती, आणि गुडघे पंचावन्न वर्षांचे होते. पाच म्हणजे पाच.

मग मी हलकी बोट मागवली. एका माणसाची, जेमतेम दोन किलोची. काटा अर्ध्यावरसुद्धा जाईना. मी खूश होऊन तिचे गुण सांगायला लागलो, तर त्यांनी मधेच तोडलं.

"तू बसलायस का ह्यात?"

"नाही."

"मग इकतोस कशाच्या जोरावर?"

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला कळंब्याच्या तलावावर नेलं. मला बोटीत पुढं आडवं व्हायला सांगितलं. "तू डिलिव्हरीची बाई. पोट तर तयारच हाय." मी विचारलं, "सिस्टर, तुम्हाला पोहता येतं का?" त्या म्हणाल्या, "तुला?" मी म्हटलं, नाही. "मग झालं की. गप पड." काठापासून दहा हात गेलो असू, बोट मधेच खचली आणि दोन्ही बाजूंनी पाणी आत आलं. मी "आई गं, मेलो मेलो" म्हणून असा ओरडलो की पलीकडं म्हैस धुणारा माणूस धुणं टाकून बघत राहिला. पाणी कमरेएवढंच होतं. सिस्टर त्यात पदर खोचून उभ्या राहिल्या, मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "झाली बघ डिलिव्हरी." मी हसलो. त्या हसल्या नाहीत. उन्हाळा तोंडावर आला होता, पावसाला तीन महिने उरले होते, आणि धनगरवाड्यावरच्या सगुणा नावाच्या पोरीला ऐन आषाढात दिवस भरत होते.

शेवटी एक करड्या रंगाची सापडली. पातळ पण चिवट कापडाची, दोन माणसांची. हवा भरायला पंप नको, कापडी पिशवीत वारा धरायचा आणि बोटीत पिळायचा. मी फोन केला, "सिस्टर, चार किलो!" त्या दुसऱ्याच दिवशी आल्या, काटा अडकवला, बोट तोलली. चार भरले. मग त्यांनी इकडंतिकडं बघितलं.

"आणि वल्ही?"

"वल्ही वेगळी असतात."

"वेगळी म्हंजे? खिंड चढताना वल्ही तुझ्या दुकानात ठिवू व्हय?"

आमच्या धंद्यात बोटीचं वजन सांगताना वल्ही धरत नाहीत, पिशवी धरत नाहीत, काहीच धरत नाहीत. सगळे तसंच सांगतात, मीही सांगत आलो. ह्या बाईसमोर मात्र कानशिलं तापली. मग आम्ही दोघं हट्टाला पेटलो. चार तुकड्यांत सुटणारी हलकी वल्ही आणली. जास्तीचे पट्टे कातरीनं कापले. कंपनीची जाड पिशवी फेकून सिस्टरनी जुन्या पातळाची पिशवी शिवली. ग्रॅम ग्रॅम काढत आणलं, आणि शेवटी एक जाकीट आत घातलं, बुडताना तरंगवणारं, तेव्हा काटा बरोबर पाचावर उभा राहिला. दुसरं जाकीट घातलं, तळाला टेकला.

सिस्टरनी दुसरं जाकीट अलगद बाहेर काढलं.

माझं डोकं फिरलं. "दोन माणसं, दोन जाकिटं! ह्यात घासाघीस नाही. नाहीतर बोट देत नाही, जावा!"

त्यांनी जाकीट परत आत कोंबलं. "बरं बाबा. नेतो दोन्ही. वरडू नगोस." मला वाटलं, आयुष्यात एकदा तरी आपण ह्या बाईला जिंकलो.

आषाढात एका सकाळी दहाला फोन वाजला. मागं पावसाचा नुसता आवाज. "सगुणाचं बाळ आडवं हाय. कळा सुरू झाल्यात. निघालो." फोन बंद. त्यानंतर लागेचना. कोल्हापुरातही धो धो चालू होता, नदीचं पाणी चढत होतं. मी एक तंबू तीनदा उघडला आणि तीनदा गुंडाळला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला मी काय विकलं देव जाणे, संध्याकाळी ते परत घेऊन आलं. शटरपर्यंत जायचं, पाऊस बघायचा, परत यायचं. बोटीची शिवण आठवायची, वल्ह्याचा सांधा आठवायचा. मी विकलेली वस्तू पाण्यावर आहे आणि तिच्यात माणसं आहेत, हे बारा वर्षांच्या धंद्यात मला पहिल्यांदा कळत होतं.

रात्री आठला फोन आला. "आलो की."

"दोघी?"

"दोघी कशानं? तिघी! पाण्यावर बोट, खिंडीला डोली, म्होरं गाडी. शिझर झालं. पोरगी हाय, अडीच किलोची. माझ्याच काट्यात तोललीय."

मी गल्ल्यावर डोकं ठेवून रडलो, कशाला लपवू? मग समोरच्या भांडीवाल्याला पेढे नेऊन दिले. तो म्हणाला, "कुणाला झालं?" मी म्हटलं, "मला."

दुसऱ्या पावसाळ्यातही ती बोट चालली. आणखी दोन बाया आणि साप चावलेला एक म्हातारा तिच्यातून अलीकडं आले. मग ह्या मे महिन्यात सिस्टर निवृत्त झाल्या. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात पाठीवर ती पातळाची पिशवी आणि हातात आणखी एक घेऊन दुकानात आल्या. "नव्या सिस्टरला द्यायची हाय. कुठं झिजलीय का बघ." आणि नेहमीसारख्या उभ्या राहिल्या.

मी जमिनीवर बोट पसरली. तळाला खरचटलेलं, दोन ठिकाणी त्यांनीच लावलेली ठिगळं. एक जाकीट उन्हापाण्यानं पार विटलेलं, डेटॉलचा वास येणारं. दुसरं हातातल्या पिशवीतून निघालं. कोरं करकरीत. त्याला माझ्या अक्षरातली किमतीची चिठ्ठी अजून दोऱ्यानं बांधलेली.

"हे काय?"

"पाचात बसंना की ते."

"सिस्टर, तुम्ही दोन पावसाळे त्या पाण्यावर..."

"जाताना मी घालायचो. येताना तिला." त्या सहज सांगत होत्या, डोस सांगावा तसं. "ती दोन जीव असत्यात रं. मी एकटी."

"आणि पोहता येत नाही तुम्हाला!"

"कागलला आमच्या येळंला पोरीला कोण शिकवतंय पवायला?"

मी ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. मरायचं होतं का, म्हटलं. माझ्या दुकानातनं बोट नेऊन मरायचं होतं का? त्यांनी मला पुरतं ओरडू दिलं. मग मी बोट आवरायला घेतली, आणि तेव्हा वल्हवणाऱ्याच्या जागेची गादी माझ्या हाताला लागली. टेकायच्या पाठीसकट, हवेची. तिच्या घड्या कारखान्यातल्या तशाच होत्या. एकदाही उघडली नव्हती.

"ही वापरली नाही?"

"मी गुडघ्यावर हुबं राहून वल्हवतो. बसून पाणी दिसत न्हाय."

मी त्यांच्याकडं काटा मागितला. हुकाला अडकवला. झोळीत कोरं जाकीट ठेवलं, आकडा बघितला. ते काढून गादी ठेवली. काटा त्याच आकड्यावर येऊन थांबला.

ही बाई बसत नाही हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ग्रॅम ग्रॅम काढताना पट्टे कापले, पिशवी बदलली, आणि बसायची गादी मात्र माझ्या डोक्यात आली नाही. ती पाठीवर वाहत त्या दोन पावसाळे खिंड चढल्या, आणि तेवढ्याच वजनाचं जाकीट घरी खुंटीला राहिलं.

सिस्टर काट्याकडं बघत होत्या. पाय हलत नव्हता.

"आगं बया," त्या हळूच म्हणाल्या. "मग तवाच का न्हाय रं सांगितलंस?"

आणि त्यांनी गल्ल्यावरची कातर घेऊन जाकिटाची चिठ्ठी कापली. गादी माझ्या हातात दिली. "ही ठिव. जाकीट घाल आत. नवी पोरगी हाय, तिला पवायला येतंय म्हणं." बोट पाठीवर चढवली, घड्याळ बघितलं आणि दारातून मागं वळल्या. "तरीबी घाल बघ दोन्ही."

ती गादी मी विकली नाही. तंबूच्या हुकालाच टांगून ठेवली आहे. बोट घ्यायला आलेलं गिऱ्हाईक विचारतं, हिचं वजन किती? मी वल्ही धरून, पिशवी धरून, जाकिटं धरून सांगतो. पण त्याच्या आधी विचारतो, "तुम्ही बसता का?"