वसूमावशी, भोंबल आणि रविवारची गाडी

वसूमावशी गेल्याचं कळलं तेव्हा मी ऑफिसात होते. तिच्या शेजारच्या सेनबाबूंनी फोनवर कसंबसं सांगितलं, आणि मागे भोंबल सारखा भुंकत होता... पाच आठवडे झाले. पण तिच्याबद्दल लिहायला बसले की रडू येण्याऐवजी आठवतात त्या आमच्या रविवारच्या फेऱ्या, आणि अंगात तोच जुना उत्साह संचारतो.

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. काका रेल्वेत होते. गार्डन रीचला बदली झाली आणि दोघं कोलकात्याचीच होऊन गेली. काका गेल्यावर सगळ्यांनी तिला पुण्याला बोलावलं, ती गेली नाही. त्याच सुमारास तिच्या इमारतीपुढे एका मोटारीखाली कुत्र्याच्या पिल्लाचा पाय मोडला. मावशीने त्याला घरी आणलं, नाव ठेवलं भोंबल. पाय जरा वाकडा का होईना, जुळला. भीती मात्र राहिली. खाली इंजिनाचा आवाज आला की हा पलंगाखाली.

काकांची गाडी धूळ खात उभी होती आणि मावशीला चालवता येत नव्हती. एका सकाळी तिने मागच्या सीटवर गोधडी अंथरली आणि मासळीभाताचं भांडं घेऊन भोंबलसोबत त्या बंद गाडीत नुसती बसली. मग रोजच बसू लागली. शेजारी हसायचे. महिन्याभराने तिने इंजिन सुरू केलं. भोंबल थरथरला, पण उतरला नाही. तो शिकतोय तर आपण का नाही, असं म्हणत साठाव्या वर्षी मावशीने ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास.

नोकरीमुळे तोवर मीही कोलकात्यात आले होते, त्यामुळे पहिल्या लांबच्या फेरीला मी बरोबर होते. बराकपूरला निघालो होतो. मावशी दुसऱ्या गिअरच्या वर जायला तयार नव्हती, मागे बसवाल्यांनी हॉर्नचा गजर मांडलेला, आणि मी जीव मुठीत धरून बसलेली! नदीकाठाला लागलो, वारा आत घुसला, आणि गोधडीत मुटकुळं करून पडलेला भोंबल उठून उभा राहिला. कान फडफडू लागले, शेपूट सीटवर थाडथाड आपटू लागली, आणि त्याच्या गळ्यातून असा काही सूर निघाला, जो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. मावशीने गाडी कडेला घेतली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बघ गं," ती म्हणाली, "पळतोय तो... जागच्या जागी पळतोय."

त्यानंतर एक रविवार चुकला नाही. शेवटच्या वर्षी छातीच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला बंदी केली, तेव्हा मी शिकले. ती शेजारी बसून मला हुकूम सोडायची. शेवटची फेरी नदीकाठच्या बजबज गावाची. त्या दिवशी काच उतरवून तिनेही भोंबलसारखंच तोंड वाऱ्याला दिलं होतं.

आता भोंबल माझ्याकडे आहे. परवाच्या रविवारी पहिल्यांदा आम्ही दोघंच निघालो. गतिरोधक आला की मावशी त्याला आधी वर्दी द्यायची. मी गप्पच होते. पहिल्या गतिरोधकावर तो धडपडला आणि माझ्याकडे बघत राहिला. दुसरा दिसला तसं माझ्या तोंडून आपसूक तिच्याच सुरात निघालं, "बसा हं, भोंबलराव."

तो लगेच बसला.

पुढे आणखी सात गतिरोधक होते. सातही वेळा मी म्हटलं.