डाव्या खांद्यातली पट्टी

"आजी, हाड नुसतं मोडलं न्हाय, दोन्ही टोकं एकमेकांवर चढलीत. ऑपरेशन करावं लागंल." उमरग्याच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडाला धरून दाखवला. क्लॅव्हिकल म्हणतात त्याला, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. न्हाणीत घसरून डाव्या खांद्यावर पडले होते मी.

दुखणं होतंच, पण भ्या वेगळंच होतं. आम्हा लिंगायतांत इष्टलिंगाची, म्हणजे गळ्यात घालतो त्या लिंगाची, पूजा ते डाव्या तळहातावर घेऊन, हात छातीपुढं धरून करतात. लहानपणी दीक्षा झाल्यापासून माझी कधी चुकली न्हाय. विचारलं, "हा हात परत असा धरता येईल का?"

"त्यासाठीच तर हाडावर धातूची पट्टी बसवायची," डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या दिवशी सिस्टर म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या, जोडवी दिली. गळ्यातलं लिंग कसं देऊ? ते आम्ही अंगावेगळं करत न्हाय. सून कानाशी लागली, "आत्या, आता हट्ट नका करू, डॉक्टर निघून जातील."

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "चांदीची डबी काढा, धातू चालत नाही. आतलं लिंग कापडात बांधून उजव्या दंडाला राहू द्या. बीपी पायाला मोजू. पाय तरी मोकळे आहेत ना देवापासून?" सूनसुद्धा हसली.

जागी झाले तर हात झोळीत. नव्या एक्सरेत ती पट्टी हाडाच्या वळणाला वळण देऊन बसलेली, बारके बारके स्क्रू. कुणी कुठं बसून घडवली असंल ती, माझा खांदा न बघता?

तुमच्यावर वेळ आली तर एक ऐका. तेल लावून चोळू नका. बोटं, मनगट पहिल्यापासून हलवा. डॉक्टरांनी सांगितलं की मग वाकून हात सैल सोडायचा, हळू गोल फिरवायचा. भिऊन हात धरून ठेवला की खांदा आखडतो. मी रडत रडत केलं, पण केलं. तवर पूजा मांडीवर हात टेकवूनच.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले, "पट्टीनं नुसतं धरून ठेवलं, आजी. जोडलं तुमच्या अंगानं."

"ह्या वयात?"

"जरा वेळ घेतला, एवढंच."

मी झोपले, जेवले, सुनेवर चिडले, आणि आत हाड आपलं आपलं जुळत होतं. डॉक्टर, डॉक्टरीणबाई, पट्टी घडवणारा, सगळ्यांचे उपकार तर हायतच, पण ह्या जुळण्याचे उपकार कुणाचे मानू?

दुसऱ्या दिवशी पूजेला बसले. हात छातीपुढं आला, थांबला. नजर लिंगावर ठेवायची असते. माझी सारखी हाताकडंच जात होती.