बेस गिटार आणि डावा कान

जव्हारला आमचं दुरुस्तीचं दुकान होतं. अब्बांच्या काळात तिथं गॅसबत्त्या आणि स्टोव्ह यायचे. माझ्या हातात आलं तेव्हा रेडिओ आणि टेपरेकॉर्डर यायला लागले होते. मोखाड्याकडची माणसंसुद्धा बिघडलेला टेप पिशवीत घालून एसटीनं घेऊन यायची. मी झाकण उघडायच्या आधी सेट लावून ऐकायचो, आणि बेल्ट सैल झालाय की मोटर थकलीय ते बहुतेक वेळा कानालाच कळायचं. अब्बा कौतुकानं गिऱ्हाइकांना सांगायचे, "ह्याला स्क्रू ड्रायव्हर नंतर लागतो." मलाही त्याचा गर्व होता. आज त्या गर्वाची आठवण आली तरी तोंड कडू होतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मोखाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात एक गृहस्थ बदलून आले. वसईकडचे ख्रिस्ती. हुद्द्यानं पर्यवेक्षक, पण गाईबैलांना सुया टोचायचे म्हणून सगळा तालुका त्यांना डॉक्टर म्हणायचा. मीही तेच म्हणायचो, आणि ते मला मिस्त्री म्हणायचे. त्यांचा टेप कॅसेट खात होता. मी रोलर बदलला आणि तपासायला त्यांचीच कॅसेट लावली. कुणी बाई इंग्रजीत गात होती. एक अक्षर कळलं नाही. पण तिच्या आवाजाच्या खूप खाली, कुणीतरी अनवाणी घरातून फिरावं तसं काहीतरी चाललं होतं. कधी थांबत होतं, कधी ठोक्याच्या किंचित आधीच पाऊल टाकत होतं.

"हे खाली कोण वाजवतंय?" मी विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला ते ऐकू आलं? लोकांना गाणं ऐकू येतं, ते नाही येत."

त्यांनी सांगितलं, याला सोल म्हणतात. अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, साठ-सत्तर सालातली. त्यांच्या चर्चमधलं गाणं बाहेर रस्त्यावर आलं, त्याचं हे झालं. आणि खाली चालतं ती बेस गिटार. त्यांचा मोठा भाऊ जहाजावर होता. त्यानं या कॅसेट आणल्या होत्या आणि एक बेस गिटारही आणली होती. भावाला पुढं वाजवायला वेळ मिळाला नाही. डॉक्टर स्वतः गावच्या लग्नांत ड्रम वाजवायचे. पुढच्या आठवड्यात ते ती गिटार गोधडीत गुंडाळून घेऊन आले.

चार जाड तारा. पहिल्या महिन्यात बोटांची सालं निघाली. अॅम्प्लिफायर मी मोडक्या सुट्या भागांतून जुळवला आणि सुताराकडून जड फळ्यांचा खोका करून घेऊन त्यात मोठा स्पीकर बसवला. कॅसेटमधले खालचे सूर एकमेकांत लडबडलेले असायचे, म्हणून एका टेपच्या मोटरवर मोठी पुली चढवली. टेप दुप्पट वेगानं पळाली की गाणारी बाई चिमणीसारखी चिवचिवायची, पण खालचा सूर वर येऊन स्वच्छ कळायचा. तो मी तारेवर शोधायचो आणि मग पुन्हा खऱ्या वेगाशी जुळवायचो. अशी चार मापं, म्हणजे गाण्याची जेमतेम एक ओळ, बसवायला मला पावसाळ्याचा एक महिना लागायचा.

दर रविवारी दुपारी डॉक्टर यायचे, नाहीतर मी मोखाड्याला त्यांच्या क्वार्टरवर जायचो. ते पत्र्याच्या कोठीवर पाय मारून ठेका धरायचे आणि मला थांबवायचे. "सूर बरोबर आहेत. पण तू फार वाजवतोस. तो माणूस इथं गप्प बसलाय, तू पण बस." बेसमध्ये मुका सूरही असतो. तार नुसती दाबून धरायची आणि बोट मारायचं. सूर निघत नाही, फक्त ठोका पडतो. ते मला दीड वर्षानं जमलं. त्या दिवशी डॉक्टर ठेका थांबवून उठले, मागीलदारी जाऊन तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "परत."

बायको आतून ऐकायची. ती विचारायची, "पण ह्यात गाणं कुठंय?" मी सांगायचो, गाणं वरती असतं, हे त्याच्या खालचं आहे. ती म्हणायची, बरं.

दोन-तीन वर्षांनी डॉक्टरांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ते म्हणाले, गावच्या बँडमध्ये बेसला तूच बसायचंस. नऊ गाणी बसवायची होती. लग्नाला महिना राहिला असताना माझा डावा कान दडे बसल्यासारखा झाला. घाट उतरताना होतो तसा, फक्त सुटत नव्हता. आत सतत भट्टीसारखा घुमघुम आवाज. एका सकाळी दुकानात भिंत फिरायला लागली. मी टेबल धरून खाली बसलो, ओकलो, आणि तीन तास मान हलवू शकलो नाही. गावातल्या दवाखान्यात पित्त म्हणाले, गोळ्या दिल्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं आणि मी पुन्हा गिटार घेतली. काहीतरी वेगळं लागत होतं, पण मला वाटलं तारा जुन्या झाल्यात. लग्नाच्या आदल्या दिवशी कॅसेट लावून, सवयीनं डावा कान टेपच्या स्पीकरला लावून, मी चारही तारा नव्यानं सुरात लावल्या आणि वसईची गाडी धरली.

मांडवात दुपारी तालीम होती. डॉक्टर ड्रमवर, त्यांचा एक चुलतभाऊ कीबोर्डवर, मामा ट्रम्पेटवर. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला कीबोर्ड बेसूर लागला. मी हात वर केला.

"कीबोर्ड उतरलाय," मी म्हणालो.

चुलतभाऊ हसला. "मिस्त्री, कीबोर्ड कसा उतरेल?"

पुन्हा सुरू केलं. आता सगळेच माझ्याकडे बघत होते. डॉक्टर ड्रमवरून उठून आले. त्यांनी माझ्या गळ्यातली गिटार न काढता चारही खुंट्या एकेक करून फिरवल्या, कीबोर्डच्या सुराशी लावल्या आणि विचारलं, "आता?"

मी तार वाजवली. "आता तर अजून बेसूर झाली."

त्यांनी स्वतः तार वाजवली, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. जनावर कुठल्या पायावर भार देत नाही हे बघतात तसं ते बघत होते. मग हळूच म्हणाले, "आज तू बस. प्रवासानं थकलायस."

संध्याकाळी बेसचे सूर चुलतभावानं कीबोर्डवर डाव्या हातानं वाजवले. सरळसोट, एकही सुटी जागा न ठेवता. लोक नाचले, नवरा-नवरी नाचली, डॉक्टरांची आई मला आग्रह करकरून वाढत होती. बेस नाही म्हणून कुणाला काही कमी वाटलं नाही. तीन वर्षं मी जे शिकत होतो त्याच्यावाचून कुणाचं काही अडलं नाही, हे ताट पुढं घेऊन मी बघत बसलो.

मग नाशिकला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. बायको बरोबर होती. त्यांनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाब म्हणाले. सुरुवातीला बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं मशीन चालू व्हायचंय. बाहेर आल्यावर त्यांनी कागदावरची डाव्या कानाची रेघ दाखवली. ती उजवीकडे वर होती आणि डावीकडे खाली कोसळलेली.

"वरचे सूर चांगले आहेत. खालचे गेलेत. आतल्या पाण्याचा दाब वाढतो, त्याचा हा आजार. म्हणून चक्करही येते. आणि हा कान सूरही चुकीचा ऐकतो."

"परत येतील?"

"कधी येतात, कधी जातात. भरवसा धरू नका. मीठ कमी करा."

"दुसरा कान?"

"सध्या चांगला आहे," ते म्हणाले.

काही माणसांचे बारीक आवाज जातात. माझे नेमके जाड गेले. परतीच्या गाडीत मी बायकोला हे सांगितलं. त्या दिवसापासून घरात दोन भाज्या व्हायला लागल्या, एक अब्बांसाठी आणि एक अळणी. तीही अळणीच खात होती, हे मला वर्षभरानं कळलं.

मी वाजवणं सोडलं नाही. गिटारचं शिंग, म्हणजे लाकडाचं वरचं निमुळतं टोक, हनुवटीखाली दाबून धरलं की कंप दातांत यायचा. उजवा कान स्पीकरकडे करून बसायचो. पण डावा मधे मधे बोलायचा, वेगळाच सूर सांगायचा, आणि दोघांत खरा कोण ते मला ठरवता येईना. म्हणून मी बायकोला बसवायचो. आधी कॅसेट, मग मी. "सारखं वाटतं?" ती म्हणायची, हो. रोज हो. एका दुपारी मी मुद्दाम सगळीच बोटं तारेवर एक घर पुढं सरकवून, म्हणजे पार बेसूर, वाजवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "हो, बरोबर आहे."

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अब्बा बाहेरून उठून आत आले.

ती शांतपणे म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं? तुमचं तोंड बघते आणि हो म्हणते. नाही म्हटलं असतं तर जेवला असतात का तुम्ही?"

चार दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिनंच पाचव्या दिवशी विचारलं, "आज बसायचं का ऐकायला?" मी नको म्हणालो. त्यानंतर ती कधी बसली नाही आणि मी कधी बोलावलं नाही. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

पुढं डॉक्टरांची बदली वसईकडे झाली. ते निघताना मी गिटार पुढं केली. ते म्हणाले, "ठेव. भाऊ विचारत नाही." त्याच सुमारास माझा उजवा कान दडे बसल्यासारखा झाला. तेव्हा मला कळलं नाही असं नाही. कळलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दुकानाचा शेवट पोशेरा गावच्या एका शेतकऱ्यानं केला, बिचाऱ्याला माहीतही नसताना. त्याचा टेप सारखा घुमायचा. मी एक कपॅसिटर बदलून दिला. आठवड्यानं परत आला. "दादा, घुमतंय आजून." मी लावून ऐकलं. काही नव्हतं. सेट उगाच उघडून बंद केला आणि दिला. तो तिसऱ्यांदा आला, नागलीची भाकरी बांधून, पहिल्या गाडीनं. तक्रार करायलाही संकोचत होता. "माझाच कान असल खराब," तो म्हणाला, "पन पोरी बी म्हनत्यात." मी स्पीकरच्या कागदावर बोटं टेकवली. कागद थरथरत होता. विजेचा जाड आवाज, दुकानातल्या कुणालाही ऐकू येईल असा, आणि मला बोटांनी बघावा लागत होता.

"तुमचा कान चांगला आहे," मी त्याला म्हणालो. त्याच्यासमोरच तो नीट केला, बोटं कागदावर ठेवूनच. तो गेल्यावर मी शटर ओढलं. नंतर तिथं मोबाईलची रिचार्ज कार्डं विकायला ठेवली. तोवर टेपही यायचे बंदच होत आले होते, त्यामुळे दुकान का बदललं हे कुणी विचारलं नाही.

दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी डॉक्टर बायकोमुलांना जव्हारजवळचा, शिवाजी महाराज थांबले होते तो शिरपामाळ दाखवायला घेऊन आले आणि वाट वाकडी करून घरी आले. केस पांढरे झाले होते. चहा व्हायच्या आधीच त्यांनी पिशवीतून सीडी काढली. "तीच गाणी, पण आता आवाज बघ. बेस तर छातीवर येतो." त्यांनी आमच्या प्लेअरवर लावली. बाईचा आवाज आला, ट्रम्पेट आले, झांजा आल्या. तिच्या पायाखाली काही नव्हतं. रिकामं.

"ऐक, आता येईल," डॉक्टर म्हणाले, "इथं तो थांबतो. बघ!"

मी मान हलवली. पुढच्या ठोक्यालाही हलवली. डॉक्टर खूश झाले, माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, "अजून आहे तुझ्यात! वाजवतोस ना?"

"वाजवतो ना," मी म्हणालो.

ते गेल्यावर बायकोनं कप उचलता उचलता विचारलं, "ऐकू आलं?"

"नाही."

"मग मान?"

"त्यांच्या पायाकडे बघत होतो. ते पायानं ठेका धरतात."

गिटार कपाटावर होती. मधल्या पावसाळ्यांत तिची मान वाकली होती आणि तारा लाकडापासून बोटभर वर आल्या होत्या. डॉक्टरांनी बघायला मागितली नाही, हे एक बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पोचल्याचा त्यांचा फोन आला. पुरुषांचे आवाज फोनवर मला आता धड कळत नाहीत, म्हणून मी तो बायकोकडे दिला. तिचा आवाज बारीक आहे, तो मला स्वच्छ ऐकू येतो. भिंतीकडे तोंड करून ती सांगत होती, "हो, वाजवतात की. रोज दुपारी बसतात. कालपण तुम्ही गेल्यावर बसले होते."