रतनआबांची नव्वद पावलं

तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला. समोर कार्ल्याच्या फाट्याजवळचा बाजाररस्ता. डाव्या हाताला डोंगराच्या पायथ्याशी दुकानांची रांग, उजव्या हाताला भाताची खाचरं. चिक्कीच्या बरण्या, दोरीला टांगलेल्या टोप्या, एसटीचा भोंगा, आणि वरून मे महिन्याचं रखरखीत ऊन. दुकानांपुढं नव्या गटारासाठी खणलेला लांबलचक चर. चराच्या काठावर सहासष्ट वर्षांचा एक काटकुळा माणूस उकिडवा बसलेला. बोलावं की गप्प राहावं, हे त्याचं ठरत नव्हतं.

हा रतन. तेहेतीस वर्षं याच रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, पावसाळ्याआधी मोऱ्यांच्या कठड्यांना चुना मारायचा. आता घरी बसला होता, पण पाय रोज इकडंच वळायचे. दर आषाढात या रस्त्याचं तळं व्हायचं. दुकानांत गुडघाभर पाणी, गिऱ्हाईक पळालेलं. त्याची बायको भामाबाई रस्त्याकडेला कणसं भाजायची, तिची शेगडीसुद्धा दोनदा वाहून गेली होती.

गटाराचं काम मानसी नावाच्या तरुण इंजिनिअरकडं होतं. दुर्बिणीला डोळा लावून ती ठेकेदाराला म्हणाली, "ओढा इथून चारशे मीटर लांब, आणि उतार जेमतेम वीतभर. गटार देखणं होईल हो, पण पाणी जागचं हलणार नाही. रस्ता ओलांडून खाचरात काढायला एखादी मोरी असती तर!"

रतननं मान खाली घातली. मोरी होती. त्यानंच बुजवली होती.

अडतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आज ज्याची ही दुकानं, त्या मारुतीशेठच्या वडिलांनी, थोरल्या शेठनी, दुकानांपुढं सत्तर फुटी ओटा घातला. मोरीचं तोंड नेमकं मध्ये आलं. "रतन, एवढं भोक बुजवून टाक," ते म्हणाले. ते जमीनदार, आणि रतनच्या वस्तीतल्या माणसानं चहा ओट्याखाली उभं राहून प्यायचा, असे ते दिवस. रतननं पाटी उचलली. चार पाट्या दगड, सहा पाट्या मुरूम. संपलं. पुढं रस्ता रुंद झाला, कठडा गेला, आणि खालचं तोंड घाणेरीच्या जाळीत दिसेनासं झालं.

थोरले शेठ गेल्यावर भामाबाईला एकटीला हे ठाऊक होतं. संध्याकाळी शेगडी विझवताना ती म्हणाली, "गावाला पाण्यात घातलंत आन् सवता कोरडं ऱ्हायलात. आता तरी तोंड उघडा की!"

"लोक काय म्हन्तील?"

"म्हन्तील रतन्यानं घाण केली. आडतीस वरसं तुमचं रडगाणं म्या ऐकतीय, लोकांचं तुमी एक दिस ऐका."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात रतन मानसीपुढं उभा राहिला. "बाई, मोरी हाय. मारुतीशेठच्या ओट्याखाली. म्याच बुजवली."

बाजार भोवती गोळा झाला. मग मारुतीशेठ गरजला, "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय! माझ्या ओट्याला कुणी हात लावायचा न्हाई. मोरी निघाली न्हाई तर काय करशील रं?"

"तुमचा वटा म्या सवता बांधून दीन. ह्याच हातानं."

मानसीनं मारुतीशेठकडं पाहिलं. "शेठ, गेल्या वर्षी तुमच्याच दुकानात पाणी होतं ना?"  मारुतीशेठनं मान फिरवली आणि हातानंच 'खणा' अशी खूण केली.

जुन्या मैलकुल्यांची मोजपट्टी म्हणजे त्यांचे पाय. मैलाच्या दगडापासून मोरीपर्यंत नव्वद पावलं. रतननं दगडाला हात लावला आणि चालायला लागला. नव्वदावं पाऊल ओट्याच्या ऐन सुरुवातीला पडलं. जेसीबीनं ओटा फोडला. दोन फूट, चार फूट, पाच फूट. नुसती माती.

"आबा, सोनं पुरलंय का?" कुणीतरी ओरडलं. लोक खदाखदा हसले. मारुतीशेठनं थापी आणायला माणूससुद्धा पाठवला. रतन खड्ड्यात बघत राहिला. पावलं त्यानं बरोबर मोजली होती. 

तेवढ्यात रस्त्यापलीकडून शेगडीचा पंखा हलवत भामाबाई ओरडली, "अवो, पाऊल आखडलंय तुमचं! तवा काय ढांगा टाकत व्हतात! आता कोंबडीवानी चालताय!"

आता तर सगळा बाजार हसला. पण रतनचा चेहरा उजळला. तो परत दगडापाशी गेला, धोतराचा सोगा खोचला आणि अठ्ठावीस वर्षांचा असल्यासारखा ढांगा टाकत निघाला. गुडघे कुरकुरले, धाप लागली, पण नव्वदावं पाऊल आधीच्या खड्ड्यापुढं वीस फुटांवर पडलं.

"हितं."

साडेतीन फुटांवर जेसीबीचा दात खणकन् वाजला. माती सरली आणि घडीव दगडाची कमान दिसली. पाऊणशे वर्षांची, पण एक चिरा हललेला नाही. रतन खाली उतरला. चार पाट्या दगड, सहा पाट्या मुरूम त्यानं स्वतः बाहेर काढला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तिकडं खाचरात पोरांनी घाणेरी तोडली. आरपार उजेड दिसला तेव्हा मानसीनंच पहिली टाळी वाजवली.

नवं गटार त्या मोरीला जोडलं. आषाढात सलग तीन दिवस पाऊस कोसळला. डोंगरावरचं पाणी गटारात शिरायचं, कमानीखालून गर्जत खाचरात उतरायचं. वर रस्त्यावर बसगाड्या चालू, दुकानं उघडी, गिऱ्हाईकाची चप्पल कोरडी. भामाबाईच्या शेगडीपुढं रांग लागली होती.

मारुतीशेठनं नव्या, आखूड केलेल्या ओट्यावर खुर्ची मांडली. "रतनभाऊ, वर या. चहा घ्या." रतन वर चढला, खुर्चीत नीट टेकून बसला आणि बशीत चहा ओतून सावकाश प्याला.

मानसी छत्री मिटत आली. "आबा, अहवालात तुमचं नाव लिहितेय. आणखी काही सांगायचंय?"

रतननं मिशीवरचा चहा पुसला. "फाट्याच्या वरबी एक मोरी बुजलीय, बाई. ती मातर म्या न्हाई बुजवली. चला, दावतो."