नऊ धरा ना, काका!

आमच्या बाकड्यावरचे म्हातारे कमी होत चाललेत, पण लॅबचे किस्से वाढतच चाललेत. डोंबिवलीत पाण्याच्या टाकीखाली आम्ही तिघं बसतो. मी चौथीतून शाळा सोडलेला, जन्मभर एमआयडीसीत कापड रंगवलं. म्हात्रे इथलाच, त्याच्या शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत. सावंत कोकणातला, राहतो शीळफाट्याला. तिघांचं रक्त टाकीसमोरच्या एकाच स्वस्तातल्या लॅबमध्ये जातं. नाव सांगत नाही. एक भांडण चालू आहे तेवढं पुरे.

*

पहिल्यांदा गेलेलो तेव्हा आत फ्रिज उघडा. वरच्या कप्प्यात रक्ताच्या नळ्या, खाली पातेलं. काउंटरवरच्या पोरीला विचारलं, "हे काय गं?"

"इडलीचं पीठ. मॅडमचं."

"रक्ताच्या खाली?"

"टेन्शन नका घेऊ काका, झाकलेलंय!"

त्या दिवसापासून मी इडली सोडली. लॅब सोडली नाही, तिथेच चुकलो.

*

मग बोर्ड लागला, फॅमिली पॅकेज! आम्ही तिघं काय फॅमिलीपेक्षा कमी आहोत? गेलो. पोरगी म्हणाली, "कॉम्प्युटर ऐकत नाही काका. फॅमिलीत मिसेस लागतेच."

म्हात्रेने आपल्या झुपकेदार मिशांवर हात फिरवला. "मना कर मिसेस. मना काय फरक परतो!"

रिपोर्ट त्याच्या घरच्या फोनवर गेला. 'श्रीमती म्हात्रे, वय एकाहत्तर.' वाचला वहिनींनी, आणि वहिनी आहेत पासष्टच्या. दोन दिवस म्हात्रेला नुसता भात, कालवण बंद. मी समजूत काढायला गेलो तर वहिनी माझ्यावरच उखडल्या.

"दुसरी ठेवली तं ठेवली, पन माज्यापेक्षा म्हातारी?"

*

सावंताची तऱ्हा वेगळी. त्याला डॉक्टरने दिवसभराची लघवी साठवून तपासायला सांगितलेली. लॅबने डबा दिलाच नाही. "घरातलं काहीतरी आणा." सावंताने तेलाचा पाच लिटरचा कॅन धुतला, भरला आणि शेअर रिक्षात मांडीवर घेऊन बसला.

शेजारच्या बाईने विचारलं, "घाण्याचं का हो काका?"

सावंत मुळात लाजरा. म्हणाला, "घरचंच."

"रंग काय सुरेख आलाय! एक लिटर द्याल?"

सावंत दोन स्टॉप आधीच उतरून चालत आला.

*

हसलात? आता माझ्या घरचं ऐका.

माझ्या सुमनचे गुडघे गेलेत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आठ महिने ती स्वतःच्या पायाने खाली उतरलेली नाही. तिला ना तीर्थ पाहिजे ना यात्रा. "मला फक्त मंडईत जाऊन भाजी स्वतः निवडायचीय. तुम्ही आणता ती सगळी वांगी किडकी!" ठाण्याच्या नौपाड्यातला डॉक्टर गुडघे बदलायला तयार झाला, पण रक्त चांगलं असेल तरच. आमच्या लॅबची पोरगी घरी येऊन रक्त घेऊन गेली.

डॉक्टरकडे जायच्या दिवशी म्हात्रेच्या दोन पोरांनी सुमनला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. डॉक्टरने रिपोर्ट बघितला. हिमोग्लोबिन सहा! मग सुमनकडे बघितलं. ती नर्सला वांग्यांचा भाव विचारत होती.

"आजोबा, सहा असतं तर यांना बोलायचं त्राण नसतं!"

त्याने तिथल्याच दुसऱ्या लॅबमध्ये रक्त पाठवलं. आलं बारा! एकच बाई, एकच आठवडा, सहाचे बारा!

"खरं कुठलं ते मला कळायला हवं," डॉक्टर म्हणाला. "तिसरा रिपोर्ट आणा. तो चांगला आला तरच तारीख देतो."

*

दोन्ही कागद मी लॅबच्या काउंटरवर आपटले. आतून मॅडम आल्या. दोन्ही हात पिठाचे! कोपराने कागद सरळ केले, नीट वाचले आणि गोड हसल्या.

"मधलं नऊ धरा ना, काका! नऊ काही वाईट नाही."

त्यावर मी काय बोललो ते इथे लिहिता येत नाही. पण मॅडम म्हणाल्या, "चिडू नका, आम्ही फुकट घरी येऊन परत तपासतो." नौपाड्याची लॅब डोंबिवलीत तीन जिने चढायला तयार नव्हती, आणि सुमनची पुन्हा खुर्चीत बसून जिने उतरायची तयारी नव्हती. हो म्हटलं.

*

परवा सकाळी सातला माणूस येणार होता. सुमन चहासुद्धा न घेता बसलेली. आठ वाजले, कुणी नाही. सव्वाआठला फोन वाजला. रिपोर्ट! सुमनचं नाव, तिचं वय, हिमोग्लोबिन साडेबारा, बाकी सगळं नॉर्मल. खाली सही, शिक्का.

मी मोठ्याने वाचून दाखवला. सुमनने डोळे मिटून हात जोडले. "आधी डॉक्टरांना पाठवा."

"अगं पण..."

"पाठवा म्हणते ना!"

पाठवला. डॉक्टरचं लगेच उत्तर, "छान. सोमवारी अ‍ॅडमिट व्हा."

तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भोकातून बघितलं. बाहेर एक माणूस घाम पुसत उभा, हातात सुया-नळ्यांची पेटी.

"काका, लॅबमधून आलोय. सॅम्पल घ्यायचंय!"

मी कडीला हात घातला. मागे खुर्ची करकरली. पाण्याच्या तांब्यालासुद्धा न उठणारी सुमन भिंत धरून ताठ उभी होती.

"खबरदार दार उघडलंत तर!"