गोड्या पाण्यातले मासे

सुकट भाजायला घेतली आणि दहिसरच्या जुन्या घरातली ती चिडचिड पुन्हा आठवली. शेतकीच्या चार वर्षांच्या पदवीसाठी मी कॉलेज निवडत होते. आई सुकट भाजता भाजता प्रत्येक नावाला एकच विचारत होती, "तिथे मासे मिळतात का गं?" शिकवतात कसं, याच्याशी हिला काही देणंघेणंच नाही!

"धरणातले मिळतात."

"गोड्या पाण्यातले? शी! पुढचं बघ."

"आई, मी शिकायला चाललेय, नांदायला नाही!"

ती सुकट परतत राहिली. "मला नांदायला धाडलं, तेव्हा कुणी एवढंही विचारलं नव्हतं," म्हणाली.

मी तणतणत, वास जावा म्हणून खिडकी उघडली होती. आज मुद्दाम बंद ठेवलीय.