घमेल्यातला बुडबुडा

टपरीवरच्या कप विसळायच्या घमेल्यात माझ्या सायकलची ट्यूब बुडवलेली होती आणि त्यावर आम्हा पन्नाशीतल्या मित्रांची सहा डोकी वाकली होती. सायकलवरून जाऊन तंबूत मुक्काम करायची माझी ही पहिलीच खेप. निघताना बायको म्हणाली होती, "संध्याकाळी टेम्पोतून परत याल." त्यामुळे ट्यूब पंक्चर असली, तरी पणाला माझी इज्जत लागली होती.

"हवा कमी ठेवायची, अण्णा!" एकानं मला बजावलं.

"छे, जास्त! कमी हवेनंच घात होतो."

"आधी चेनला तेल घाला," तिसरा म्हणाला. तेलाचा पंक्चरशी काय संबंध, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

इतक्यात पाण्यातून एक बुडबुडा वर आला. "सापडलं!" आम्ही सहाही जण ओरडलो. माणसाला आनंदी व्हायला किती थोडी हवा पुरते! मग ठिगळ लावलं, हवा भरली, फोटोही काढला. दहा पावलांवर चाक पुन्हा बसलं.

टपरीवाल्या मावशींनी कपाळावर हात मारला. "अहो, टायरच्या आतून बोट फिरवलंत का?"

फिरवलं. बाभळीचा काटा आत दिमाखात बसून होता. एवढ्या सल्ल्यांत हे एक बोट कुणालाच सुचलं नव्हतं.

पुन्हा घमेलं, पुन्हा बुडबुडा आणि, खोटं कशाला सांगू, पुन्हा तोच जल्लोष.

सूर्य मावळताना बायकोचा फोन आला. "मिळाला का टेम्पो?"

"टेम्पो नाही, तंबू!" मी ऐटीत सांगितलं.

मागे आवाज चढले होते. "दोर सैल ठेव!"

"छे, घट्ट!"